तीन वर्षांचं खत

सोलापूर रस्त्याने पुणं सोडायचं आणि चौफुल्याला मोरगावच्या बाजूला वळायचं. वाटेत सुपे लागतं. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतले शेतकरी इथे जमले आणि सावकारांकडे त्यांनी वह्या आणि कर्जाची खतं, म्हणजे लिहून घेतलेले कर्जरोखे, मागितली. हाती लागली ती जाळून टाकली. पाहता पाहता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोचलं. शेतकऱ्यांचा राग कागदांवर का निघाला, हे कळायला थोडं गणित करावं लागतं.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे. शंभर रुपये दिले तर फार तर दोनशे मागायचे. १८५५ साली इंग्रज सरकारने व्याजदरावरची कायदेशीर मर्यादा उठवली. मग १८५९ चा मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही, तर पुढे कोर्टात तो चालणार नाही, असं त्यात ठरलं. व्याज वर्षानुवर्षं साचू नये हा हेतू, आणि तो मला प्रामाणिक वाटतो. पण झालं भलतंच.

मुदत संपत आली की सावकार कर्जदाराला बोलावून नवं खत लिहून घेई. जुन्या खतावरचं थकलेलं व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून चढे. शेकडा दरमहा दोन रुपये व्याज धरून हिशेब मांडू. सरळव्याजाने शंभर रुपयांचे बारा वर्षांनी ३८८ होतात. दर तीन वर्षांनी खत बदललं, तर पहिल्या तीन वर्षांनी १७२, मग २९६, मग ५०९ आणि बाराव्या वर्षाअखेर ८७५. दर तोच आहे, मधे फक्त तीनदा नवं खत झालं. दामदुपटही इथे हरली, कारण प्रत्येक नव्या खतात मुद्दलच फुगलेलं असे, आणि दुपटीचा हिशेब त्या फुगलेल्या आकड्यापासून सुरू होई.

खताखाली सहीच्या जागी शेतकऱ्याची निशाणी असे, बहुतेकदा नांगराची. वर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नसे. पूर्वीही सावकार होतेच, पण वसुलीसाठी त्यांना गावाचं मन राखावं लागे. आता कोर्ट खत बघून हुकूमनामा देई, आणि रयतवारीत, म्हणजे सरकार थेट शेतकऱ्याकडून शेतसारा घेई त्या पद्धतीत, जमीन विकता येण्याजोगी झाल्यामुळे जप्ती थेट शेतापर्यंत पोचे. ही ताकद सावकाराला राज्याने दिली होती. तो फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कर्ज मुळात लागायचं कशाला? शेतसारा रोख भरायचा आणि ठरल्या हप्त्याला भरायचा. पीक बुडालं तरी हप्ता चुकत नसे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा सावकार उधार द्यायला मागेपुढे बघत नव्हते. युद्ध संपलं, भाव कोसळला, सावकारांनी हात आखडता घेतला. नेमक्या त्याच सुमारास, १८६७ पासून, इंदापूरपासून सुरुवात करून साऱ्याची फेरआकारणी झाली, आणि सारा वाढला. मिळकत घटत असताना सरकारी देणं चढत होतं.

दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यातली एक तरतूद फार मोलाची होती: न्यायाधीशाने नुसतं शेवटचं खत न पाहता पहिल्या उसनवारीपर्यंत मागे जायचं, आणि खरं मुद्दल किती, व्याज किती, हे वेगळं काढायचं. वरच्या उदाहरणातले ८७५ रुपये आता कोर्टात टिकणं अवघड झालं.

सावकारांनी मग लिहून घ्यायचा कागदच बदलला. कर्जखत किंवा गहाणखत करण्याऐवजी अनेकांनी थेट खरेदीखत मागायला सुरुवात केली. पैसे फेडले की जमीन परत, हा बोली करार तोंडीच राही. कागदावर मात्र विक्री झालेली असे, आणि शेतकरी आपल्याच बापजाद्यांच्या रानात कूळ म्हणून नांगर धरी.