लघुग्रहांवरची खाण: एकोणीस शून्यं आणि अदपाव माती

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात ‘16 सायकी’ नावाचा एक लघुग्रह फिरतो. मार्च 1852 मध्ये नेपल्सच्या अ‍ॅनिबाले दे गॅस्पारिस यांनी तो शोधला. पुढची दीडशे वर्षं अभ्यासकांबाहेर त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. 2017 मध्ये नासाने तिकडे यान पाठवायचं ठरवलं आणि मोहिमेच्या प्रमुख लिंडी एल्किन्स-टँटन यांनी त्यातल्या नुसत्या लोखंडाची किंमत काढून सांगितली: एकावर 19 शून्यं, इतके डॉलर. ही निव्वळ कल्पनेची भरारी आहे आणि तो खडक इकडे आणण्याचं तंत्र कुणाकडेच नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मथळ्यांमध्ये आकडा राहिला आणि खुलासा गळून पडला. आजही लघुग्रहांच्या खाणीची चर्चा याच आकड्यापासून सुरू होते. खरं तर ती फार आधीपासून सुरू आहे.

आकाशातलं लोखंड माणसाने खूप पूर्वीपासून वापरलं आहे. तुतनखामेनच्या ममीपाशी सापडलेला खंजीर अशनीच्या लोखंडाचा आहे, हे 2016 मध्ये क्ष-किरणांच्या तपासणीतून नक्की झालं. आपल्याकडचं उदाहरण तर लेखी नोंदीसह आहे. एप्रिल 1621 मध्ये जालंधरजवळ एका गावात मोठा आवाज होऊन आकाशातून एक तापलेला गोळा पडला. तिथल्या अंमलदाराने जमीन खणून तो काढला आणि जहांगीर बादशहाकडे पाठवला. वजन भरलं 160 तोळे. बादशहाने त्याची हत्यारं करायला सांगितली, पण घणाखाली ते लोखंड टिकेना, तुकडे पडू लागले. मग तीन भाग आकाशातलं आणि एक भाग साधं लोखंड मिसळून तलवारी, सुरी आणि खंजीर घडवले गेले. जहांगीरने हे सगळं आपल्या आठवणींमध्ये लिहून ठेवलं आहे, आणि त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. घणाखाली फुटणारं ते लोखंड मला महत्त्वाचं वाटतं. वरून येणारा धातू तयार माल म्हणून येत नाही, हे त्या लोहाराला चारशे वर्षांपूर्वीच कळलं होतं.

पण लघुग्रहांत मौल्यवान धातू मुळात असतात कशामुळे? पृथ्वी कोवळी असताना वितळलेली होती. तेव्हा लोखंड जड म्हणून खाली बसलं आणि गाभा झालं. प्लॅटिनम, इरिडियम, सोनं या धातूंना लोखंडाची ओढ असते, तेही बहुतेक त्याच्याबरोबर गेले. म्हणून कवचात ते इतके विरळ आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्डमध्ये, जिथून जगातलं बहुतांश प्लॅटिनम येतं, टनभर दगड फोडल्यावर या गटातले धातू हाती येतात जेमतेम चार-सहा ग्रॅम. काही लघुग्रहही असेच वितळले, त्यांचेही गाभे झाले आणि पुढे टकरा होऊन ते फुटले. त्या गाभ्यांचे तुकडे म्हणजे लोहअशनी. त्यांच्यात प्लॅटिनम गटातले धातू टनामागे काही दहा ग्रॅमपर्यंत भरतात. म्हणजे मूळ कल्पनेत खोट नाही. धातू आहे, आणि आपल्या खाणींपेक्षा दाट आहे. अडचण पुढे सुरू होते.

ती अडचण सगळ्यात स्पष्ट दिसते अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात. तिथे सव्वा किलोमीटर रुंद आणि सुमारे 170 मीटर खोल असं एक विवर आहे. आजूबाजूला लोखंडाचे तुकडे विखुरलेले. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी 1891 मध्ये पाहणी करून ते वाफेच्या स्फोटाने झालं असावं असा निष्कर्ष काढला. डॅनियल बॅरिंजर या खाण अभियंत्याला ते पटलं नाही. चांदीच्या खाणीत त्याने पैसा कमावला होता, खडक कसा वाचायचा हे त्याला कळत होतं. हा खड्डा वरून पडलेल्या लोखंडाच्या प्रचंड गोळ्याने झाला आहे आणि तो गोळा खाली तसाच पुरलेला आहे, अशी त्याची खात्री होती. 1903 मध्ये त्याने जागेचा हक्क घेतला, ‘स्टँडर्ड आयर्न कंपनी’ काढली आणि ड्रिल लावलं.

सत्तावीस वर्षं तो त्या गोळ्याच्या मागे होता. आधी विवराच्या मधोमध भोकं पाडली. काही मिळालं नाही. मग चिखलात बंदुकीच्या गोळ्या झाडून पाहिल्या तेव्हा लक्षात आलं, की गोळी तिरकी आली तरी खड्डा गोलच पडतो. म्हणजे आपला गोळा मध्यभागी नाही, कडेखाली असणार. दक्षिणेच्या कडेवर नवं भोक सुरू झालं आणि चारशे मीटरच्या पुढे गेल्यावर ड्रिल अडकून बसलं. बॅरिंजरला वाटलं, लागला एकदाचा. 1929 मध्ये संचालकांनी खगोलशास्त्रज्ञ फॉरेस्ट मोल्टन यांच्याकडून हिशेब करून घेतला. बॅरिंजर एक कोटी टनांची भाषा करत होता, मोल्टनचं उत्तर आलं तीन लाख टन, आणि त्यातलंही बहुतेक आदळताक्षणी उधळून गेलेलं. काम थांबलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने बॅरिंजर गेला.

विज्ञानात तो बरोबर ठरला. 1960 मध्ये युजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या खडकात कोएसाइट हे प्रचंड दाबाखाली बनणारं खनिज दाखवून दिलं आणि आघाताचा वाद संपला. खाणीच्या बाबतीत तो हरला. आणि इथे तर लघुग्रह स्वतःहून दारात आला होता! यान नको, इंधन नको, फक्त खणायचं होतं. आपल्या लोणारचंही तसंच आहे. बसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हारसाच्या काळ्या खडकात, आघाताने झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं हे सरोवर. तळात भोकं पाडली तेव्हा हाती आला तो चुरडलेला, दाबाने बदललेला बसाल्ट, अभ्यासाला अमोल. धातूचा गोळा नाही.

अवकाशयुगात ही कल्पना पुन्हा उभी राहिली. पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणारे लघुग्रह भराभर सापडू लागले, आणि 1990 च्या दशकात अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे जॉन लुईस यांनी ‘3554 अमुन’ या छोट्या लघुग्रहातल्या धातूंची किंमत 20 लाख कोटी डॉलर मांडली. पुन्हा तीच रीत: आजचा भाव गुणिले तिथला साठा.

भाव मात्र साठ्यावर अवलंबून असतो. 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियमचा लहानसा पिरॅमिड बसवला, कारण तेव्हा तो धातू चांदीच्या तोलाचा होता. दोन वर्षांत हॉल आणि एरू यांनी तो विजेने स्वस्तात काढायची रीत शोधली, आणि पुढे तो आपल्या घरोघरी ‘जर्मनचं पातेलं’ होऊन चुलीवर चढला. मला यात वाईट काही दिसत नाही, उलट प्लॅटिनमचंही असंच व्हावं. पण ज्याने जुन्या भावाच्या भरवशावर पैसे गुंतवले, त्याच्या हाती काय उरणार?

एप्रिल 2012 मध्ये सिअ‍ॅटलला ‘प्लॅनेटरी रिसोर्सेस’ कंपनीची घोषणा झाली. गुगलचे लॅरी पेज आणि एरिक श्मिट गुंतवणूकदारांत होते, चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन सल्लागार. पुढच्या वर्षी ‘डीप स्पेस इंडस्ट्रीज’ आली. दोघींनीही लवकरच प्लॅटिनमपेक्षा पाण्यावर भर दिला, आणि तो विचार मला जास्त पटतो. पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे रॉकेटचं इंधन. ते वरच वापरलं तर पृथ्वीवर काही उतरवावं लागत नाही. पण गिऱ्हाईक वर असायला हवं, आणि ते अजून नव्हतं. ऑक्टोबर 2018 मध्ये पहिली कंपनी एका ब्लॉकचेन कंपनीने घेतली, जानेवारी 2019 मध्ये दुसरीही विकली गेली. लक्झेंबर्ग सरकारने पहिलीत घातलेले पैसे बुडाले. 2022 मध्ये निघालेल्या ‘अ‍ॅस्ट्रोफोर्ज’ने पुन्हा प्लॅटिनमची वाट धरली. तिचं ‘ओडिन’ यान फेब्रुवारी 2025 मध्ये सुटलं आणि थोड्याच दिवसांत त्याच्याशी संपर्क तुटला.

कंपन्या गेल्या, कायदे राहिले. 1967 च्या अवकाश कराराने कुठल्याही देशाला आकाशातल्या खडकावर मालकी सांगायला मनाई केली आहे. खणून काढलेल्या मालाचं काय, हे त्यात लिहिलेलं नाही. नोव्हेंबर 2015 मध्ये अमेरिकेने आपल्या नागरिकांना त्या मालावर हक्क दिला, 2017 मध्ये लक्झेंबर्गने तसाच कायदा केला. भारताने 1982 मध्ये चंद्र करारावर सही केली होती. त्यात ही संपत्ती सगळ्या मानवजातीचा वारसा मानली आहे, पण आपण तो करार कधी मंजूर केला नाही. जून 2023 मध्ये भारताने अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारावर सही केली, आणि खाणकाम म्हणजे मालकी नव्हे ही त्यातली भूमिका आहे. या बदलाची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही.

आणि आजवर आलेला माल? जपानच्या हायाबुसाने 2010 मध्ये इटोकावावरून आणलेले कण मिलिग्रॅमच्या आत. हायाबुसा-2 ने 2020 मध्ये र्‍युगूवरून 5.4 ग्रॅम. नासाच्या ओसायरिस-रेक्सने सप्टेंबर 2023 मध्ये बेन्नूवरून 121.6 ग्रॅम. सगळं मिळून अदपावाच्या आसपास. या मोहिमा खाणीसाठी नव्हत्याच, त्या मातीची किंमत वेगळी आहे. तरी एकट्या ओसायरिस-रेक्सचा खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर गेला. ह्यूस्टनला डबी उघडायला घेतली तेव्हा झाकणाच्या 35 स्क्रूंपैकी दोन हलेनात. नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत हातमोज्यांतूनच काम करायचं होतं, तिथे असलेलं एकही हत्यार चालेना. मुद्दाम नवी हत्यारं घडवली आणि जानेवारी 2024 मध्ये ते दोन स्क्रू निघाले.

सायकीकडे निघालेलं यान 13 ऑक्टोबर 2023 ला सुटलं. दरम्यान सायकीची घनता पुन्हा मोजली गेली आणि ती घन सेंटिमीटरला चार ग्रॅमच्या जवळपास भरली. लोखंडाची जवळजवळ आठ असते. म्हणजे तो एकतर पोकळ्यांनी भरलेला आहे किंवा त्यात दगड बराच आहे, आणि एकोणीस शून्यांचा हिशेब मुळातच सैल होता. ऑगस्ट 2029 मध्ये यान तिथे पोचायचं आहे. त्यावर ड्रिल नाही. कॅमेरे आहेत, चुंबकक्षेत्र मोजणारं उपकरण आहे, आणि पृष्ठभागात लोखंड व निकेल किती हे दुरूनच ओळखणारं गॅमा किरणांचं उपकरण आहे.