करपा रोग आणि भातातील जनुकनियमन

करपा हा भातावरील बुरशीजन्य रोग. तो मॅग्नापोर्थे ओरायझी या बुरशीमुळे होतो. (कडा करपा वेगळा, तो जिवाणूंमुळे येतो.) बुरशीची चाहूल लागताच भाताचे रोप संरक्षणाची जनुके चालू करते आणि काम झाले की मंदावते. यातील बहुतेक जनुके करप्याला बळी पडणाऱ्या जातींतही असतात. फरक पडतो तो ती किती लवकर आणि किती जोराने जागी होतात यात.

गोव्यात सरद (खरीप) हंगामात रिपरिप पाऊस, २५ ते २८ अंश तापमान आणि रात्रभर ओली राहणारी पाने हे बुरशीला हवे तसे हवामान असते. पाणी टिकत नाही अशा शेतात करपा जास्त फोफावतो, म्हणून मोरड (उंचवट्याच्या) जमिनीत अधिक लक्ष ठेवावे लागते. पानावर चातीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते ठिपके पडतात. मध्य राखाडी, कडा तपकिरी. लोंबीच्या मानेवर रोग गेला की मान मोडते आणि दाणा पोचट राहतो.

बीजाणू पानाला चिकटल्यावर सुमारे दोन तासांत रुजतो. मग त्याच्या टोकाला घुमटासारखा फुगवटा तयार होतो. त्याच्या भिंतीतील मेलॅनिन या गडद रंगद्रव्यामुळे आत वातावरणाच्या सुमारे ८० पट दाब साठतो आणि त्या जोरावर बुरशी पानाची साल भोसकते. ट्रायसायक्लॅझोल हे बुरशीनाशक मेलॅनिनच तयार होऊ देत नाही, त्यामुळे बुरशीला आत शिरता येत नाही. म्हणूनच बुरशी आत शिरल्यावर केलेल्या फवारणीने आधीचे ठिपके भरून येत नाहीत.

बुरशीच्या भिंतीतून सुटलेले कायटिनचे तुकडे भाताच्या पेशीवरील सीईबीआयपी आणि सीईआरके-१ ही ग्राही प्रथिने ओळखतात. पेशीतील किनेझ (संदेश पुढे नेणारी) प्रथिने एकामागून एक कार्यान्वित होतात आणि संदेश केंद्रकापर्यंत जातो. तेथे डब्ल्यूआरकेवाय-४५सारखे प्रतिलेखन घटक (जनुके चालू-बंद करणारी प्रथिने) प्रवर्तकांना, म्हणजे जनुकांच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागांना, चिकटून कायटिनेझ (कायटिन तोडणारी) विकरे आणि बुरशीला मारक संयुगे बनवणारी जनुके चालू करतात. बुरशीही कमी नाही: तिचे एसएलपी-१ हे प्रथिन कायटिनचे तुकडे आधीच पकडून ठेवते, म्हणजे पेशीला पत्ताच लागू नये.

दुसरी फळी ‘पीआय’ या करपा-प्रतिकारक जनुकांची. पीआय-टा या जनुकाचे प्रथिन बुरशीचे एकच विशिष्ट प्रथिन ओळखते. पीआय-टाच्या प्रथिनात ९१८व्या जागी अलानिन हे अमिनो आम्ल असेल तर प्रतिकार, सेरिन असेल तर नाही. बुरशीने आपले प्रथिन बदलले की अशी जात काही हंगामांतच बळी पडू लागते.

मग ही जनुके कायम चालूच का ठेवू नयेत? कारण वाढीला लागणारी शक्ती त्यात खर्ची पडते. पीआयजीएम या जनुकसमूहातील ‘आर’ प्रथिन प्रतिकार देते, पण दाण्याचे वजन घटवते. ‘एस’ प्रथिन मुख्यतः परागकणांत तयार होऊन ती तूट भरून काढते. वाढीचे नियमन करणाऱ्या आयपीए-१ या प्रथिनाची रीत याहून नेटकी: बुरशी येताच त्याच्या १६३व्या सेरिनवर फॉस्फेट बसते, ते डब्ल्यूआरकेवाय-४५ला चालना देते आणि ४८ तासांच्या आत पुन्हा वाढीच्या कामाला लागते. डिगू या चिनी जातीतील, २०१७मध्ये उजेडात आलेल्या बीएसआर-डी१ या जनुकाची गोष्ट उलटी आहे: ते दबले की प्रतिकार वाढतो. प्रवर्तकातील डीएनएच्या एकाच अक्षराच्या बदलाने हे जनुक दबते, बुरशीला रोखणारे हायड्रोजन पेरॉक्साइड लवकर मोडले जात नाही आणि बुरशी आत अडकते.

शेतात ही यंत्रणा बिघडवणारी नेहमीची चूक म्हणजे युरिया एकदम देणे. पाने लुसलुशीत होतात, पेशीभित्तीत सिलिका कमी बसते आणि प्रतिकारक जातही डळमळते. नत्र तीन हप्त्यांत द्यावे: लावणीला निम्मे, फुटव्यांच्या वेळी पाव आणि लोंबी धरताना पाव. ठिपके दिसत असतील तर पुढचा हप्ता थांबवावा. पेरणीपूर्वी किलोभर बियाण्याला १० ग्रॅम स्यूडोमोनास फ्लुरेसन्स हे जिवाणू-खत चोळल्यास मुळांभोवती वाढणारे हे जिवाणू रोपाला आधीच सावध करतात; जनुके चालू होत नाहीत, पण हल्ला झाल्यावर लवकर जागी होतात. जिवाणू मरू नयेत म्हणून बियाणे सावलीतच वाळवावे आणि त्याच दिवशी पेरावे.