ऑफिसच्या फोनवर कॉल रेकॉर्डिंग: परवानगी कोणाची, कागदपत्रं कुठली

ऑफिसात ईपीएबीएक्स (ऑफिसातल्या फोनांचं छोटं एक्स्चेंज) बसवला की लगेच विचारतात, रेकॉर्डिंगची सरकारी परवानगी कुठे काढायची? कुठेच नाही. आपल्या लाइनवर आपल्याच गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं रेकॉर्ड करायला असा काही फॉर्मच नाहीये, कोणी "लायसन काढून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. कॉल सेंटरवाल्यांना आधी दूरसंचार विभागाकडे ओएसपी (अदर सर्व्हिस प्रोव्हायडर) म्हणून रजिस्ट्रेशन करावं लागायचं, बँक गॅरंटीच्या भानगडी असायच्या, नोव्हेंबर २०२० मध्ये ते पण गेलं. मात्र कोणी कोणाला कधी फोन लावला या नोंदी त्यांना वर्षभर ठेवाव्याच लागतात.

कागदपत्रं लागतात ती लाइन घेताना. पीआरआय किंवा एसआयपी ट्रंक (एका वेळी अनेक कॉल चालवणारी ऑफिसची लाइन) कंपनीच्या नावावर घ्यायची तर साधारण पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, कंपनी नोंदणीचा दाखला, पत्त्याचा पुरावा, आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र नि ओळखपत्र. स्टाफला कंपनीची सिमं वाटणार असाल तर बल्क कनेक्शन (एकगठ्ठा सिमं घेणं) डिसेंबर २०२३ पासून बंद आहे, आता बिझनेस कनेक्शन घ्यायचं आणि सिम वापरणाऱ्या प्रत्येकाचं वेगळं केवायसी करायचं.

आता खरी मेख, ऐकायचा हक्क कोणाला. मुंबईतली एक जुनी केस आहे, मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पोलिसांनी एका डॉक्टरच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला, डॉक्टर राजी होता, समोरच्याला पत्ताच नव्हता, तरी सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये ती टेप पुराव्यात धरली कारण बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती होती. पण दोघांनाही न सांगता साहेब केबिनमधून गुपचूप लाइन ऐकत बसले तर ते चोरून ऐकणंच झालं, आणि दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ मध्ये त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. म्हणून स्टाफकडून आधीच लेखी घ्या: कुठल्या लाइन रेकॉर्ड होतात, कोण ऐकतं, कशासाठी, किती दिवस ठेवतात. अपॉइंटमेंट लेटरमध्ये एका ओळीत कोंबू नका, वेगळ्या कागदावर सही घेतलेली बरी. पर्सनल फोनसाठी एखादी रेकॉर्ड न होणारी लाइन पण द्या, माणसं आहेत शेवटी.

गिऱ्हाइकाला कॉलच्या सुरुवातीलाच "हा कॉल रेकॉर्ड होतोय" ऐकवा. डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांवरच्या बऱ्याच जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे, पण संमतीची नोटीस आत्ताच बनवून ठेवा, आणि ती मराठीतून वाचायची सोय गिऱ्हाइकाला द्यावी लागणार आहे हे विसरू नका.

शेअर ब्रोकरचं उलटं आहे, तिथे रेकॉर्डिंग ऐच्छिक नाहीच. फोनवर ऑर्डर घेत असाल तर सेबीच्या मार्च २०१८ च्या सर्क्युलरप्रमाणे ती रेकॉर्ड करावीच लागते, किमान तीन वर्षं ठेवायची, आणि वाद निघाला तर तो मिटेपर्यंत.

आणि रेकॉर्डिंग कोर्टात न्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, भाग अ आपला, भाग ब तज्ज्ञाचा, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल जरा जरी बदलली तरी बदलणारा तिचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. त्यामुळे मूळ फाइल सर्व्हरवर जशी आहे तशीच राहू द्या, व्हॉट्सॅपवर फिरवून आलेली कॉपी घेऊन वकिलाकडे जाऊ नका.