जनुकीय अल्गोरिदम आणि फलनाचे इष्टतमीकरण

निवड, संकर आणि उत्परिवर्तन या जैविक उत्क्रांतीतील प्रक्रियांचे अनुकरण करून गणिती फलनाचे किमान किंवा कमाल मूल्य शोधण्याची संगणकीय पद्धत. मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिची सैद्धांतिक मांडणी केली. त्यांचे विद्यार्थी केनेथ डी जाँग यांनी त्याच वर्षीच्या प्रबंधात ती फलनांवर तपासून पाहिली. बेळगावकडचे अभियांत्रिकीचे मराठी विद्यार्थी मात्र तिला सरळ ‘जेनेटिक अल्गोरिदम’ म्हणतात.

पावसाळ्यात जांबोटी-चोर्ल्याच्या धुक्यात पायाखालचा उतार तेवढा पाहून खाली उतरणारा माणूस पहिल्याच खोलगट जागी थांबतो, पलीकडे खोल दरी असली तरी. केवळ उताराच्या आधारे शोध घेणाऱ्या पद्धतींची अनेक खळगे असलेल्या फलनावर हीच गत होते. रास्ट्रिजिन फलन हे याचे नेहमीचे उदाहरण होय. चलांच्या वर्गांच्या बेरजेवर कोज्येच्या (कोसाइनच्या) लाटा चढवून ते तयार होते. दोन चले घेऊन प्रत्येक −५.१२ ते ५.१२ या कक्षेत ठेवल्यास त्याला १२१ स्थानिक किमान बिंदू असतात, आणि खरे किमान मूल्य, म्हणजे शून्य, केवळ मूळबिंदूपाशी मिळते.

जनुकीय पद्धतीत एका बिंदूऐवजी अनेक उमेदवार एकाच वेळी शोधात असतात. प्रत्येक चल १० द्विमान अंकांत (० किंवा १) लिहिले की उमेदवार म्हणजे २० अंकांची माळ होते आणि एकूण १०,४८,५७६ माळा शक्य असतात. यादृच्छिकपणे उचललेल्या दोन-तीन उमेदवारांपैकी ज्याचे फलनमूल्य सर्वांत कमी तो जनक ठरतो. दोन जनकांच्या माळा एकाच ठिकाणी तोडून त्यांचे शेपटाकडील भाग अदलाबदल केले की संकर होतो. आणि एखादा अंक क्वचित उलटवणे हे उत्परिवर्तन, ज्याची संभाव्यता बहुधा माळेच्या लांबीच्या व्यस्तात, म्हणजे येथे ०.०५, धरतात. निपाणी-चिकोडीकडे चांगल्या उसाचे बेणे निवडून कांड्या लावतात, तीही निवडच. परंतु कांडीतून मूळ उसाचीच नक्कल उगवते, संकर होत नाही, त्यामुळे ही उपमा अर्ध्यावरच थांबते. नक्कल येथे निरुपयोगी मात्र नाही: पिढीतील, म्हणजे एका फेरीच्या उमेदवारांतील, सर्वोत्तम माळ जशीच्या तशी पुढे नेली नाही तर शोध खऱ्या किमान बिंदूवर स्थिरावण्याची हमी राहत नाही, हे गुंटर रुडॉल्फ यांनी १९९४ मध्ये सिद्ध केले.

या पद्धतीचे यश उत्क्रांतीच्या रूपकापेक्षा संख्या कशा लिहिल्या यावर अधिक अवलंबून असते, आणि नवशिके नेमके तेथेच चुकतात. वरील मांडणीत १० अंकांनी कक्षेतील समान अंतरावरची १,०२४ मूल्येच लिहिता येतात आणि त्यांत शून्य हे मूल्य येत नाही; त्याच्या सर्वांत जवळची मूल्ये सुमारे −०.००५ आणि ०.००५ अशी आहेत, म्हणून फलनाचे मूल्य सुमारे ०.०१ च्या खाली जात नाही. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की ही दोन शेजारी मूल्ये ०१११११११११ आणि १००००००००० अशी लिहिली जातात, म्हणजे एका पावलाच्या अंतरासाठी दहाही अंक एकदम बदलावे लागतात. ग्रे संकेत ही द्विमान अंक लिहिण्याची वेगळी रीत वापरल्यास त्याच शेजाऱ्यांत एकाच अंकाचा फरक उरतो. सतत चलांसाठी द्विमान माळ सोडून थेट वास्तव संख्यांवर संकर करण्याची पद्धतही रूढ आहे.