हार्डवेअर-सॉफ्टवेअर सहरचनेतील दळणवळणाचा भार

एखाद्या कामाचा काही भाग प्रोसेसरवरच्या सॉफ्टवेअरकडे ठेवून उरलेला खास घडवलेल्या चिपकडे सोपवला, की दोघांमध्ये माहिती, आज्ञा आणि ‘काम झाले’ असे संकेत यांची ये-जा सुरू होते. तिच्यात खर्ची पडणारा वेळ व ऊर्जा म्हणजे दळणवळणाचा भार. समजा, प्रोसेसरला १० मिलिसेकंद लागणारे काम चिपने १ मिलिसेकंदात उरकले, पण ने-आणीतच ६ मिलिसेकंद गेले. तर दहापट वेगवान चिप बसवूनही काम दीडपटसुद्धा लवकर होत नाही. म्हणून कामाची वाटणी कुठे करायची, हे चिपच्या वेगाआधी ठरवावे लागते.

गूगलने २०१५ पासून डेटा सेंटरमध्ये वापरलेली पहिली टीपीयू, म्हणजे न्यूरल नेटवर्कची (थरांमागून थर असलेल्या गणिती जाळ्याची) गणना करणारी खास चिप, या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ती पीसीआयई या, संगणकात जोडकार्डे बसवण्याच्या, मार्गाने सर्व्हरला जोडलेली असे आणि तिला आज्ञाही सर्व्हरच पाठवी. हा मार्ग तुलनेने संथ. त्यामुळे आज्ञा थोड्या पण भरगच्च ठेवल्या: एकेका आज्ञेला सरासरी १० ते २० घड्याळ-चक्रे (चिपच्या घड्याळाचे ठोके) लागत, आणि तीच क्रिया पुन्हा करण्याची सूचना आज्ञेतच असे. चिपवर २८ मेबिबाइट स्मृती होती. तिच्यात काय कुठे ठेवायचे हे सॉफ्टवेअर ठरवी. मधली उत्तरे तिथेच राहत, नेटवर्कच्या दर थराला सर्व्हरकडे फेरी नसे. इतके करूनही, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत सर्व्हरशी होणाऱ्या देवाणघेवाणीचा वेळ टीपीयूच्या स्वतःच्या वेळेच्या ११ ते ७६ टक्के भरला.

छोट्या यंत्रणांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. झिंक-७००० (Zynq) या चिपमध्ये एआरएम प्रोसेसर आणि एफपीजीए, म्हणजे हवी तशी जुळणी करता येणारे हार्डवेअर, शेजारीशेजारी आहेत. मोठी माहिती डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता स्मृतीतून थेट ने-आण करणाऱ्या यंत्रणेने, हलवावी. चार-दोन शब्दांसाठी मात्र डीएमएची मांडामांडच महाग पडते, तिथे प्रोसेसरने थेट हार्डवेअरच्या रजिस्टरमध्ये (छोट्या साठवण-खणात) लिहिलेले बरे. कॅशमधली (प्रोसेसरजवळच्या छोट्या, जलद स्मृतीतली) माहिती आधी मुख्य स्मृतीत उतरवण्याचा खटाटोप टाळायचा, तर कॅशशी सुसंगत राहणारे एसीपी हे दार आहे. दोन बफर (माहितीच्या तात्पुरत्या साठवणजागा) आलटूनपालटून वापरल्यास ने-आण गणनेआड झाकली जाते. कमी होत नाही.

अनेक विनंत्यांची तुकडी एकदम पाठवली की दर विनंतीमागचा भार घटतो, पण पहिलीला शेवटचीची वाट पाहावी लागते. टीपीयूच्या त्याच मोजणीतल्या एका कामाला उत्तर देण्यासाठी ७ मिलिसेकंदांची मर्यादा होती: तेवढ्यात टीपीयूला २०० विनंत्यांची तुकडी झेपली, सर्वसाधारण प्रोसेसरला १६ चीच.