सीआरपी वाढलंय, प्रोकॅल्सिटोनिन नॉर्मल आहे. मग न्यूमोनिया किती गंभीर?

व्हायरल न्यूमोनियाच्या पेशंटचा रक्ताचा रिपोर्ट येतो: सीआरपी ११०, प्रोकॅल्सिटोनिन ०.१. यातलं खरं कोणतं मानायचं, असा प्रश्न घरच्यांना पडतो. दोन्ही खरंच असतं. या दोन तपासण्या एकच गोष्ट मोजत नाहीत.

सीआरपी दाह मोजतं. फुफ्फुसात संसर्ग पेटला की आयएल-६ हा रेणू यकृताला निरोप पोचवतो आणि यकृत सीआरपी बनवू लागतं. सहा-आठ तासांत पातळी चढायला लागते आणि साधारण दोन दिवसांत कळस गाठते. आग विषाणूने लावली की जिवाणूने, हे त्यातून कळत नाही.

प्रोकॅल्सिटोनिन एरवी थायरॉइडमध्ये तयार होतं आणि रक्तात जेमतेम सापडतं. जिवाणूंचा संसर्ग अंगभर पसरला की यकृत, फुफ्फुस, चरबी अशा अनेक ठिकाणांहून ते रक्तात येतं. विषाणूशी लढताना मात्र शरीर इंटरफेरॉन-गॅमा हा रेणू सोडतं आणि ते ही निर्मिती दाबून धरतं.

म्हणूनच ०.१ पाहून 'आजार सौम्य आहे' म्हणणं मला धोक्याचं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्क्यांवर आलेल्या पेशंटचंही प्रोकॅल्सिटोनिन ०.१ असू शकतं. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की जिवाणूंची भर पडल्याची शक्यता कमी आहे. उलट ते वाढलेलं दिसलं तरी लगेच अँटिबायोटिककडे धावू नये. किडनी निकामी झाली असेल किंवा मोठं ऑपरेशन झालं असेल, तरी ते चढतं.

गांभीर्याचा अंदाज सीआरपीवरून जास्त येतो, पण तोही एकट्या सीआरपीवरून नाही. कोविडमध्ये टोसिलिझुमॅब हे दाह कमी करणारं औषध तपासणाऱ्या ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत पेशंट निवडताना सीआरपी किमान ७५ तर हवंच होतं, शिवाय ऑक्सिजन ९२ टक्क्यांखाली किंवा ऑक्सिजन सुरू असणंही गरजेचं होतं.

आणि एकक जरूर पाहा. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. डेसिलिटरमधलं ११ म्हणजे लिटरमधलं ११०. लॅब बदलली की 'सीआरपी एकदम उतरलं' असा गैरसमज सहज होतो.

टोसिलिझुमॅब दिलं असेल तर आणखी जपावं लागतं. ते आयएल-६चा निरोपच अडवतं, त्यामुळे यकृत गप्प बसतं. तेव्हा नवा जिवाणू फुफ्फुसात शिरला तरी सीआरपी खालीच राहू शकतं, तापही येईलच असं नाही. अशा पेशंटच्या श्वासाचा वेग रोज मोजायला हवा.