टकलावर फ्लोरिडाचा बुटका ताड

केसांसाठीच्या ‘नैसर्गिक’ कॅप्सूलची बाटली हातात घेतली की तिच्यावर बहुतेक वेळा दोन ओळी सापडतात. पहिली, ‘डीएचटी रोखते’ (डीएचटी म्हणजे केस आटवणारं एक पुरुषी संप्रेरक). दुसरी, ‘वनस्पतिजन्य, दुष्परिणाम नाहीत’. दर दिवाळीच्या फोटोत कपाळ बोटभर मागे सरकलेलं दिसणाऱ्या तरुणाला या दोन्ही ओळी एकदम हव्या असतात. माझा भाचा अशीच एक बाटली घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, हे आयुर्वेदिकच आहे ना? मग घ्यायला काय हरकत आहे?”

ते आयुर्वेदिक नव्हतं. बाटलीतला मुख्य घटक होता सॉ पामेटो. चरक-सुश्रुतांनी ज्याचं नावही ऐकलं असण्याची शक्यता नाही, असा अमेरिकेतला एक ताड. पण माझी खरी अडचण वेगळी होती. त्या दोन ओळी एकमेकींशी भांडत होत्या, आणि भाच्याला त्या जुळ्या बहिणी वाटत होत्या.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. मराठीत टक्कल आणि चाई असे दोन वेगळे शब्द आहेत, हे चांगलंच आहे. चाईत डोक्यावर नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडतात. तो शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपल्याच केसांवर केलेला हल्ला असतो, आणि या कॅप्सूलांचा जो दावा आहे त्याचा चाईशी संबंधच नाही. इथे बोलायचंय ते कपाळाच्या दोन कोपऱ्यांपासून आणि टाळूवरून सुरू होणाऱ्या, बापाला-मामाला असलेल्या टकलाबद्दल.

या टकलामागे पुरुषी संप्रेरकं आहेत हे सिद्ध केलं अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या जेम्स हॅमिल्टन या शरीररचनाशास्त्रज्ञाने, १९४२ मध्ये. वृषण लहानपणीच काढावे लागलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, ही नोंद ग्रीकांच्या काळापासून होती. हॅमिल्टनने अशा पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दिलं. ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले. ज्यांच्या घराण्यात नव्हतं, त्यांचे टिकले. इंजेक्शन थांबवलं की गळती थांबे, पण गेलेले केस परत येत नसत. संप्रेरक हवं आणि वारसाही हवा, हे एका फटक्यात स्पष्ट झालं. आजच्या नैतिक निकषांवर तो प्रयोग कुणी करू देणार नाही, हेही खरं.

पण नेमकं कोणतं संप्रेरक? याचं उत्तर प्रयोगशाळेतून आलं नाही, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास नावाच्या गावातून आलं. तिथे काही मुलं जन्मतः मुली वाटत आणि तशीच वाढवली जात. वयात येताना मात्र त्यांचा आवाज फुटे, स्नायू भरत आणि ती पुरुष होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅक्गिन्ली या अमेरिकी डॉक्टरबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये याचं कारण मांडलं. या मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन भरपूर होतं, पण त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन म्हणजे डीएचटी करणारं ५-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम नीट काम करत नव्हतं. मोठेपणीही या पुरुषांची दाढी विरळ राही, प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि कपाळ मागे सरकत नसे.

डीएचटी हा टेस्टोस्टेरॉनचा अधिक जहाल भाऊ म्हणा. तो हनुवटीवर दाढी वाढवतो आणि त्याच माणसाच्या टाळूवर केस आटवतो. ज्यांच्या केसांची मुळं वारशाने हळवी असतात, त्यांच्यात केसाचं वाढीचं चक्र दर फेरीला आखूड होत जातं. काही वर्षं वाढणारा जाड केस काही महिन्यांतच गळणारी लव होऊन बसतो. म्हणजे मूळ मरत नाही, ते खुरटतं. डोक्याच्या मागच्या भागातली मुळं मात्र डीएचटीला दाद देत नाहीत. म्हणून तर प्रत्यारोपणासाठी केस तिथून काढतात.

सालिनासच्या या निरीक्षणावरून औषध बनलं फिनास्टेराइड. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत १९९२ मध्ये आली आणि टकलासाठी १ मिलिग्रॅमची १९९७ मध्ये. ही गोळी रक्तातलं डीएचटी ७० टक्क्यांच्या आसपास खाली आणते. १,५५३ पुरुषांवरच्या चाचणीत दोन वर्षांनंतर टाळूवरच्या एक इंची वर्तुळात गोळी घेणाऱ्यांचे केस नकली गोळी (तशीच दिसणारी, पण औषध नसलेली) घेणाऱ्यांपेक्षा सरासरी १३८ने जास्त भरले. जादू नव्हे, पण मोजता येईल असा फरक.

मग लोक तिला घाबरतात का? कामेच्छा कमी होणं, ताठरता न येणं या तक्रारींमुळे. केसांच्या चाचण्यांत अशा तक्रारी औषध घेणाऱ्या ३.८ टक्के पुरुषांनी केल्या आणि नकली गोळी घेणाऱ्या २.१ टक्क्यांनी. म्हणजे फरक लहान आहे, पण आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हाही या औषधाचा संभाव्य दुष्परिणाम म्हणून मान्य केला. भीतीचा वाटाही काढून टाकता येत नाही. इटलीतल्या एका अभ्यासात प्रोस्टेटच्या रुग्णांना ५ मिलिग्रॅमची गोळी देताना अर्ध्यांना लैंगिक त्रासाची आगाऊ कल्पना दिली, अर्ध्यांना नाही. सांगितलेल्यांपैकी ४३.६ टक्क्यांनी त्रास नोंदवला, न सांगितलेल्यांपैकी १५.३ टक्क्यांनी. गोळी तीच.

या भीतीच्या फटीतून सॉ पामेटो आत शिरतो.

हा फ्लोरिडा, जॉर्जिया या भागातल्या रेताड जमिनीवर झुडपासारखा पसरणारा बुटका ताड. पानाच्या देठाला करवतीसारखे दाते असतात, म्हणून नावात ‘सॉ’. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याला जांभळासारखी काळी पडणारी फळं धरतात. ती तोडणं म्हणजे उकाड्यात, करवती पानांत हात घालून, सापांचं भान ठेवत करायचं काम. मागणी इतकी वाढली आणि चोऱ्या इतक्या होऊ लागल्या, की २०१८ पासून फ्लोरिडात ही फळं तोडायला सरकारी परवाना लागतो. युरोपात या फळांचा अर्क प्रोस्टेटवर दीर्घकाळ वापरला जातो, दिवसाला ३२० मिलिग्रॅम. प्रोस्टेटचं औषध टकलाला चाललं, मग प्रोस्टेटचा अर्क का चालू नये, असा हा साधा तर्क.

अर्कात असतं काय? मुख्यतः तेलं. लॉरिक, ओलेइक अशी मेदाम्लं आणि थोडे वनस्पती-स्टेरॉल, त्यातलं बीटा-सिटोस्टेरॉल जाहिरातीत गाजणारं. काचेच्या बशीत एन्झाइमवर ही मेदाम्लं ओतली की ते मंदावतं, हे खरं आहे. पण बशी आणि माणूस यांच्यामध्ये आतडं आणि यकृत आहे. खाल्लेलं लॉरिक आम्ल शरीर मुख्यतः इंधन म्हणून जाळतं. बीटा-सिटोस्टेरॉल तर आतड्यातून ५ टक्क्यांहूनही कमी शोषलं जातं. ग्रीन टीमधल्या द्रव्यांचीही हीच कथा. बशीत एन्झाइम रोखणाऱ्या वनस्पतींची यादी लांबलचक आहे, डोक्यापर्यंत पोहोचणाऱ्यांची नाही.

तरी केसांवर थेट चाचण्या झाल्या नाहीत असं नाही. २००२ मध्ये अमेरिकेत सॉ पामेटो आणि बीटा-सिटोस्टेरॉल एकत्र देऊन पाहिलं, तेव्हा १० पैकी ६ जणांत सुधारणा दिसली आणि नकली गोळीवाल्या ९ पैकी एकात. हे ‘६० टक्के’ जाहिरातीत झळकतात. ६० टक्के म्हणजे सहा माणसं, हे मात्र कोणी लिहीत नाही. रोममध्ये १०० पुरुषांना दोन वर्षं दोन गटांत ठेवलं. फिनास्टेराइडने ६८ टक्क्यांत सुधारणा, सॉ पामेटोने ३८ टक्क्यांत. आकडा वाईट नाही, पण नकली गोळीचा तिसरा गटच नव्हता, आणि कोण काय घेतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. भोपळ्याच्या बियांच्या तेलाचंही एक कोरियन संशोधन वारंवार पुढे केलं जातं. त्यात ७६ पुरुष होते, २४ आठवड्यांत केसांची संख्या तेल घेणाऱ्यांत ४० टक्क्यांनी वाढली, इतरांत १० टक्क्यांनी. मात्र त्या कॅप्सूलमध्ये भोपळ्याबरोबर इतर वनस्पतींच्या भुकट्याही होत्या. श्रेय कोणाला द्यायचं?

केसांवरच्या चाचण्या अशा लंगड्या असल्या, तरी एक साक्षीदार असा आहे ज्याला केसांशी काही देणंघेणं नाही आणि म्हणूनच त्याच्यावर माझा जास्त विश्वास आहे. तो म्हणजे पीएसए ही रक्तचाचणी. पन्नाशीनंतरच्या तपासणीत प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका पाहायला हीच करतात. पीएसए हे प्रथिन प्रोस्टेट बनवते, आणि ती ते संप्रेरकाच्या हुकमावर बनवते. डीएचटी खरोखर कमी केलं की पीएसए उतरतं. फिनास्टेराइड सुरू केल्यावर सहा महिने ते वर्षभरात हा आकडा साधारण निम्मा होतो. (म्हणून फिनास्टेराइड घेणाऱ्याने ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. नाहीतर निम्मा झालेला आकडा पाहून सगळे निर्धास्त राहतात.)

आता सॉ पामेटोला या साक्षीदारासमोर उभं करा. २०११ मध्ये अमेरिकेत वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवीचा त्रास असलेल्या ३६९ पुरुषांना ७२ आठवडे हा अर्क दिला, आधी नेहमीचे ३२० मिलिग्रॅम, मग दुप्पट, मग तिप्पट. लघवीच्या त्रासात नकली गोळीपेक्षा फरक पडला नाही, आणि पीएसएसुद्धा हललं नाही. त्याआधी २००६ मध्ये २२५ पुरुषांवर वर्षभर केलेल्या चाचणीचा निकालही तोच होता. न्यायाने हेही सांगायला हवं, की एका छोट्या अभ्यासात प्रोस्टेटच्या ऊतीतलं डीएचटी सुमारे एक तृतीयांश उतरलेलं दिसलं होतं. पण तिप्पट मात्रेनेही जो अर्क रक्तातल्या सर्वांत बोलक्या खुणेला धक्का लावत नाही, तो टाळूवरच्या मुळाशी जाऊन मोठा पराक्रम करेल, हे पटायला कठीण आहे.

भाच्याला मी हेच सांगितलं. बाटलीवरच्या दोन ओळींपैकी एकच खरी असू शकते. डीएचटी रोखलं जात असेल, तर फिनास्टेराइडचे सगळे प्रश्न या कॅप्सूललाही लागू आहेत, ते झाडातून आलंय म्हणून संप्रेरक सवलत देत नाही. आणि त्रास अजिबात होत नसेल, तर त्याचं सर्वांत सरळ कारण काहीच होत नाही हे आहे.

वनस्पती संप्रेरकांना हात लावू शकत नाहीत, असा मात्र याचा अर्थ नाही. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हरवर चरणाऱ्या मेंढ्या वांझ होऊ लागल्या. त्या चाऱ्यातलं द्रव्य मेंढीच्या पोटात गेल्यावर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागत होतं. सॉ पामेटोचंही एक अस्वस्थ करणारं प्रकरण नोंदलेलं आहे. केसगळतीसाठी हा अर्क दिलेल्या ११ वर्षांच्या इटालियन मुलीला रजोनिवृत्तीतल्या बाईसारखे गरम झोत येऊ लागले, आणि अर्क बंद केल्यावर ते थांबले. शस्त्रक्रियेत अनपेक्षित रक्तस्राव झाल्याची नोंदही आहे, म्हणून ऑपरेशनच्या आधी अशा कॅप्सूलचा उल्लेख डॉक्टरांकडे करावाच. घरात गरोदर बाई असेल तर तिने त्या घेऊ नयेत.

या सगळ्यात वाया जाते ती गोष्ट म्हणजे वेळ. खुरटणारं मूळ काही वर्षं वाचवता येतं, नंतर नाही. कॅप्सूल ‘निदान सहा महिने’ घ्यायला सांगतात, मग आणखी सहा. दोन वर्षांनी माणूस त्वचारोगतज्ज्ञाकडे पोहोचतो, तेव्हा मिनॉक्सिडिल (डोक्याला लावायचं औषध) किंवा फिनास्टेराइडने राखण्यासारखं बरंच कमी उरलेलं असतं. टक्कल स्वीकारून मोकळं होणं हाही पर्याय आहेच, आणि तो सर्वांत स्वस्त.

आपल्याकडच्या औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात ज्या विकारांवर इलाज असल्याचा दावा औषधाने करायचा नाही त्यांची यादी आहे, आणि तिच्यात टक्कल आहे. त्यामुळे लेबलं ‘केसांच्या आरोग्याला साहाय्यक’ अशी गुळगुळीत भाषा बोलतात.

भाच्याने शेवटी विचारलं, “पण त्या फळाच्या तेलात काहीतरी असेलच ना?” आहे की. त्यातलं एक प्रमुख मेदाम्ल लॉरिक, आणि तेच खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं असतं. इतकंच नाही, फळं महाग झाल्यापासून या अर्कात स्वस्त तेलांची भेसळ सापडू लागली आहे, आणि भेसळीच्या तेलांच्या यादीत खोबरेलही आहे. म्हणजे त्या बाटलीतल्या काही कॅप्सूलमध्ये माझ्या आईच्या फडताळातलंच तेल असण्याची शक्यता आहे, फक्त मिलिग्रॅमच्या भावाने.